एचडीडीआर पावडर: छोट्या चाचणीत उत्तम, मोठ्या बॅचमध्ये कोअर्सिव्हिटी पडते. कारण आणि उपाय

तक्रार नेहमी साधारण एकसारखी असते. निओडिमियम-लोह-बोरॉन या चुंबकाच्या मिश्रधातूवर एचडीडीआर (हायड्रोजनने मिश्रधातू फोडून, मग हायड्रोजन काढून ती पुन्हा जुळवण्याची प्रक्रिया) करताना ५०-१०० ग्रॅमच्या चाचणीत कोअर्सिव्हिटी (उलट्या क्षेत्रापुढे चुंबकत्व टिकवण्याची ताकद) १२-१३ किलो-एर्स्टेड मिळते. मग तोच इनगॉट (मिश्रधातूचा ओतीव ठोकळा), भट्टीचे तेच तापमान आणि तोच वेळ ठेवून किलो-दोन किलोची बॅच लावली की आकडा सात-आठवर उतरतो. कधी त्याहूनही खाली जातो. त्यातही सातत्य नसते. एक बॅच बरी निघते, पुढची वाया जाते, आणि दोन्हींच्या लॉगशीटमध्ये फरक सापडत नाही.

मग मिश्रधातूवर संशय घेतला जातो. गॅलियम वाढवा, निओडिमियम अर्धा टक्का चढवा, पुरवठादार बदला. माझे मत स्पष्ट आहे: छोटी चाचणी चांगली येत असेल तर मिश्रधातूला हात लावू नका. आधी पावडरचे तापमान शोधा. भट्टीच्या डिस्प्लेवरचे नव्हे, ट्रेच्या मधोमध असलेल्या पावडरचे.

उष्णता कुठून येते, कुठे जाते

एचडीडीआर ही प्रक्रिया १९८९ मध्ये जपानमध्ये मित्सुबिशी मेटलच्या (आताच्या मित्सुबिशी मटेरियल्सच्या) ताकेशिता आणि नाकायामा यांनी मांडली. मूळ २-१४-१ फेज (Nd₂Fe₁₄B हे मुख्य चुंबकीय संयुग) साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसला हायड्रोजनमध्ये ठेवला की तो फुटतो आणि निओडिमियम हायड्राइड, लोह आणि लोह-बोराइड यांचे अतिशय बारीक मिश्रण तयार होते. नंतर त्याच तापमानाला व्हॅक्यूम लावला की हायड्रोजन निघून जातो आणि हे तिन्ही परत जुळून २-१४-१ होतात. मात्र आता ग्रेनचा (स्फटिककणाचा) आकार साधारण ०.३ मायक्रॉन असतो. एकाच चुंबकीय डोमेनचा ग्रेन ज्या आकाराचा असतो, त्याच्या हा आकार जवळ जातो. म्हणून कोअर्सिव्हिटी मिळते. ग्रेन मोठे झाले किंवा जुळणी अर्धवट राहिली, तर ती मिळत नाही.

यातला पहिला अर्धा भाग उष्णता बाहेर टाकतो आणि दुसरा उष्णता खातो. किती, ते कागदावर मांडून पाहा. २-१४-१ च्या एका मोलचे वजन साधारण १०८१ ग्रॅम, आणि तो पूर्ण फुटायला दोन मोल हायड्रोजन लागतो. म्हणजे किलोभर मिश्रधातू ४० लिटरच्या आसपास (शून्य अंश सेल्सिअसला मोजलेला) हायड्रोजन पिते. निओडिमियम हायड्राइड तयार होताना हायड्रोजनच्या दर मोलमागे साधारण २०० किलोज्यूल उष्णता निघते. यातली काही २-१४-१ ची घट्ट वीण उसवण्यात खर्च होते, तरी उरलेली थोडी नाही. ती कुठेच जाऊ शकली नाही, तर पावडर काहीशे अंशांनी तापेल. प्रत्यक्षात ट्रे, गॅस आणि नळी ती वाहून नेतात. १०० ग्रॅमच्या पातळ थरात हे पटकन होते, दोन किलोच्या जाड थरात होत नाही.

इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. म्हणून सगळे पहिल्या टप्प्याला, हायड्रोजन सोडतानाच्या उष्णतेच्या भडक्याला भितात. पण माझ्या मते मोठ्या बॅचचे खरे नुकसान दुसऱ्या टप्प्यात, व्हॅक्यूम लावल्यावर होते, आणि ते दिसत नाही म्हणून वर्षानुवर्षे चालू राहते.

कारण साधे आहे. हायड्रोजन हा उष्णतेचा फार चांगला वाहक वायू आहे. पावडरच्या कणांमधल्या फटींत तो असतो तोवर ट्रेच्या कडेची उष्णता मध्यापर्यंत पोहोचते. व्हॅक्यूम लावला की तोच वाहक निघून जातो. म्हणजे पावडरला उष्णतेची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्या वेळी ती पोहोचवणारा उरत नाही. मधली पावडर थंडावते. थंडावली की निओडिमियम हायड्राइडवरचा हायड्रोजनचा समतोल दाब उतरतो, हायड्रोजन सुटायचा वेग मंदावतो आणि जुळणी अडते. इकडे कडेची पावडर केव्हाच जुळून झालेली असते, आणि मध्याची वाट पाहत ८०० अंशांवर बसून तिचे ग्रेन वाढत असतात. मोठ्या टोपातल्या भातासारखी गत होते: कडेचा गिचका झालेला, मधला कणीदार. एकाच ट्रेमध्ये जास्त शिजलेली आणि कच्ची अशा दोन्ही पावडरी असतात, आणि आपण त्या एकत्र मिसळून एकच आकडा मोजतो.

तुमच्या भट्टीत हेच होते आहे का?

खात्री करायला खर्च फारसा नाही. इन्कोनेलचे आवरण असलेले एक बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) व्हॅक्यूम फीडथ्रूमधून, म्हणजे हवाबंद जोडातून, आत घ्या आणि त्याचे टोक ट्रेच्या मधल्या पावडरमध्ये, थराच्या निम्म्या खोलीवर पुरा. दुसरे थर्मोकपल ट्रेच्या काठाला लावा. दोन्हींची नोंद काही सेकंदांच्या अंतराने घेणारा लॉगर हवा. दहा मिनिटांनी एकदा वहीत आकडा लिहून हे पकडता येणार नाही.

हायड्रोजन सोडल्यावर मधल्या थर्मोकपलचा आलेख वर उसळेल, मग हळूहळू खाली येऊन भट्टीच्या तापमानाला टेकेल. उसळी पूर्ण विरली म्हणजे फुटण्याची क्रिया संपली. आता व्हॅक्यूम लावा आणि त्याच आलेखावर नजर ठेवा. तो खाली घसरेल, तळाशी रेंगाळेल आणि बऱ्याच वेळाने पुन्हा वर चढू लागेल. ही घसरण आणि हे रेंगाळणे म्हणजेच तुमची समस्या. आलेख तळाशी सपाट चालू असताना पावडर अजून हायड्रोजन सोडत असते, अजून उष्णता खात असते. तो परत काठाच्या तापमानाला येऊन मिळतो, तेव्हा मध्याची जुळणी झाली असे धरता येते. तुमच्या रेसिपीतला वेळ या खड्ड्याच्या तळाशी असतानाच संपत असेल, तर पावडर कच्ची बाहेर पडणार, मिश्रधातू कितीही चांगली असो.

थर्मोकपल घालायची सोय नसेल तर निदान एवढे करा: पुढची बॅच बाहेर काढताना पावडर लगेच मिसळू नका. मध्यातून चमचाभर आणि काठावरून चमचाभर वेगवेगळ्या बाटल्यांत घ्या. दोन्ही नमुने मेणात घालून, चुंबकीय क्षेत्रात दिशा लावून, पल्सने पूर्ण चुंबकित करून मोजा. दोन्हींच्या डिमॅग्नेटायझेशनच्या वक्रांत (उलटे क्षेत्र वाढवत नेताना चुंबकत्व कसे उतरते त्याच्या आलेखांत) ठळक फरक आला, तर निदान झाले. दोन्ही सारखेच वाईट आले, तर कारण वेगळे आहे आणि त्याचा विचार खाली केला आहे.

डिमॅग्नेटायझेशनचा वक्र नीट पाहा

कोअर्सिव्हिटीचा नुसता आकडा फार थोडे सांगतो. वक्राचा आकार जास्त सांगतो.

दुसऱ्या चतुर्थांशात, शून्य क्षेत्राच्या जवळच वक्र एकदम खाली बसतो आणि मग सावरून पुढे जातो, अशी पायरी दिसली तर पावडरमध्ये दोन प्रकारचा माल आहे. त्यातला एक सहज उलटणारा आहे. तो मोकळे लोह असू शकतो, म्हणजे जुळणी अर्धवट राहिली आहे. किंवा तो मुळात फुटलाच नाही असा जुना, मोठ्या ग्रेनचा २-१४-१ असू शकतो, म्हणजे पहिला टप्पाच अपुरा राहिला. वक्र दोन्हींचा सारखाच दिसतो. उपाय मात्र उलट आहेत: एकात व्हॅक्यूमचा टप्पा सुधारायचा, दुसऱ्यात हायड्रोजनचा.

फरक एक्सआरडीने (एक्स-रे विवर्तनाने) कळतो, पण सांभाळून. तांब्याच्या एक्स-रे नळीवर लोहाची मुख्य रेषा ४४.७ अंशांला येते आणि तिथे मुख्य फेजच्या रेषांची गर्दी असते. थोडे लोह त्यात लपून जाते. ६५ अंशांजवळची लोहाची दुसरी रेषाही बघा. शक्य असेल तर कोबाल्टची नळी वापरा, कारण तांब्याच्या किरणांनी लोह स्वतःच चमकून पार्श्वभूमी वाढवते. याहून सोपी आणि माझ्या आवडीची चाचणी म्हणजे तापमानानुसार चुंबकत्व पाहणे. साध्या टीजीए (तापवताना वजन मोजणाऱ्या) यंत्राखाली छोटा चुंबक ठेवूनही ही करता येते. २-१४-१ चे क्युरी तापमान (ज्याच्या वर चुंबकत्व जाते ते) ३१२ अंश, लोहाचे ७७०. पावडर आर्गॉनमध्ये तापवत ३१२ च्या पुढे गेल्यावरही चुंबकाची ओढ शिल्लक राहिली, तर तिथे लोह किंवा लोह-बोराइड आहे. मिश्रधातूत कोबाल्ट असेल तर मुख्य फेजचे क्युरी तापमान वर सरकते, तेवढे लक्षात ठेवा. आणि तापवण्याचा पहिलाच फेरा ग्राह्य धरा. उरलासुरला ऑक्सिजन गरम पावडरमधून नवे लोह तयार करतो, त्यामुळे दुसऱ्या फेऱ्याचे चित्र विश्वासाचे नसते.

वक्रात पायरी नाही, सगळा वक्र गुळगुळीत आहे, पण कोअर्सिव्हिटी कमी, असे असेल तर ग्रेन वाढले आहेत. तापमान जास्त किंवा शेवटचा मुक्काम लांबला. इथे वेळ वाढवून पाहणे म्हणजे रोग वाढवणे. कोअर्सिव्हिटी कमी आली की व्हॅक्यूमचा वेळ वाढवायचा, ही सवय मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. निम्म्या वेळा ती उपयोगी पडते, म्हणूनच ती मोडत नाही.

आणि कोअर्सिव्हिटी ठीक असून रेमनन्स (क्षेत्र काढल्यावर उरणारे चुंबकत्व) कमी असेल, तर ती या लेखातली समस्या नव्हे. तिथे ग्रेनची मूळ दिशा हरवली आहे. बहुधा हायड्रोजनचा दाब जास्त होता आणि फुटण्याची क्रिया फार वेगाने झाली. अनायसोट्रॉपिक (ग्रेनची दिशा एकच असलेल्या) पावडरसाठी वापरल्या जाणाऱ्या डी-एचडीडीआर या एचडीडीआरच्या सुधारित पद्धतीत हा टप्पा ३० किलोपास्कलच्या आसपास ठेवतात, तो याचसाठी.

उपाय, मी ज्या क्रमाने करेन त्या क्रमाने

सर्वांत आधी थर पातळ करा. एका खोल ट्रेऐवजी तीन-चार उथळ ट्रे, मध्ये फट ठेवून. याने उत्पादन लगेच कमी होत नाही, कारण नळीत उंची सहसा वाया जात असते. ट्रे उष्णता नीट वाहून नेणारा हवा. सिरॅमिक बोट (होडीच्या आकाराचे भांडे) छोट्या चाचणीत चालते, पण जाड थराखाली ती उष्णता अडवते. शिवाय निओडिमियम-समृद्ध भाग ६६० अंशांच्या आसपासच वितळू लागतो आणि बोटीला चिकटून तिच्यातला ऑक्सिजन ओढतो. मॉलिब्डेनमचा पत्रा चांगला.

दुसरे, पंप. याकडे कुणी बघत नाही. किलोभर मिश्रधातूतला हायड्रोजन खोलीच्या तापमानाला आणि वातावरणाच्या दाबाला साधारण ४५ लिटर भरतो. पण तो १०० पास्कल दाबाला काढायचा असेल, तर तेवढ्याच वायूचे आकारमान ४५ घनमीटर होते. तासाला १० घनमीटर ओढणारा रोटरी पंप त्याला साडेचार तास घेईल, तेही त्याचा वेग कागदावर आहे तेवढाच राहिला तर. दोन किलोला नऊ तास. हाच वायू १ किलोपास्कलला काढला तर किलोमागे अर्ध्या तासाच्या आत काम होते. म्हणजे छोट्या चाचणीची रेसिपी जशीच्या तशी मोठ्या बॅचला लावली, तर पंपाच्या ताकदीमुळे भट्टीत मिळणारा दाबच वेगळा असतो. ‘व्हॅक्यूम लावला’ असे लॉगशीटवर लिहिलेले असते, पण पहिले कित्येक तास आत व्हॅक्यूम नसतोच.

दाब मोजायला पिराणी गेज असेल तर त्याचा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. ते गेज वायूच्या उष्णतावहनावर चालते आणि सहसा नायट्रोजनसाठी कॅलिब्रेट केलेले असते. हायड्रोजनमध्ये ते खऱ्यापेक्षा जास्त दाब दाखवते, आणि दाब चढा असेल तिथे तर त्याचा भरवसाच नाही. या कामाला कपॅसिटन्स मॅनोमीटर हवा. त्याला वायू कोणता आहे याने फरक पडत नाही. महाग आहे, पण दोन-चार बॅच वाया जाण्यापेक्षा स्वस्त.

तिसरे, व्हॅक्यूमचा टप्पा दोन भागांत करा. आधी दाब १ ते ५ किलोपास्कलवर धरा आणि मधल्या थर्मोकपलचा खड्डा भरून येईपर्यंत तिथेच थांबा. या दाबाला फटींत उष्णता वाहून नेण्यापुरता हायड्रोजन असतो, त्यामुळे मध्याला उष्णता मिळत राहते, आणि क्रिया मंद चालल्याने काठ आणि मध्य यांत अंतर पडत नाही. डी-एचडीडीआरमध्ये हा मंद टप्पा ग्रेनची दिशा टिकवण्यासाठी असतो, पण मोठ्या बॅचमध्ये त्याचा हा दुसरा फायदा माझ्या लेखी तितकाच मोठा आहे. खड्डा भरला की पूर्ण व्हॅक्यूम, पण थोडाच वेळ, उरलेला हायड्रोजन काढण्यापुरता. मग आर्गॉन सोडून झपाट्याने थंड करा. घड्याळ लावून टप्पे संपवू नका. आलेख सांगेल तेव्हा संपवा.

चौथे, पहिला टप्पा. मिश्रधातू व्हॅक्यूममध्ये ८०० च्या वर तापवून मग एकदम हायड्रोजन सोडला, तर सगळा भडका एकाच वेळी होतो. मास फ्लो कंट्रोलर लावून हायड्रोजन मोजून आत सोडा आणि मधल्या थर्मोकपलची उसळी तुम्हाला परवडेल तेवढ्यात ठेवा. आत गेलेल्या एकूण हायड्रोजनचा हिशेब ठेवला की दुहेरी फायदा होतो: किलोमागे ४० लिटरच्या बराच आधी ओढ थांबली, तर काही माल फुटलाच नाही हे तिथल्या तिथे कळते. वजनाचाही ताळा घेता येतो. पूर्ण फुटलेल्या २-१४-१ चे वजन ०.३७ टक्क्यांच्या आसपास वाढते. मात्र त्यासाठी नमुना आर्गॉनमध्ये थंड केलेला हवा. हायड्रोजनमध्ये थंड केला तर निओडिमियम हायड्राइड आणखी हायड्रोजन पितो आणि हिशेब चुकतो.

मध्य आणि काठ दोन्ही सारखेच वाईट असतील तर

मग ऑक्सिजन किंवा इनगॉट.

ऑक्सिजनची तपासणी सोपी आहे: थंड, रिकामी भट्टी पूर्ण व्हॅक्यूमला न्या, व्हॉल्व्ह बंद करा आणि दाब किती वेगाने चढतो ते रात्रभर पाहा. मग तेच भट्टी गरम असताना करा. गरम झाल्यावर ओ-रिंगच्या जागी लीक उघडणे अगदी नेहमीचे आहे. निओडिमियम सापडेल तो ऑक्सिजन पकडतो, ऑक्साइड होतो आणि तेवढा जुळणीतून बाद होतो. त्याच्या वाट्याचे लोह मोकळे राहते. अशी पावडर कितीही वेळ ठेवली तरी सुधारत नाही. हायड्रोजन ९९.९९९ टक्के शुद्धतेचा वापरत असाल, तरी सिलिंडर ते भट्टी या नळीतली हवा काढली आहे का, ते बघा.

इनगॉटचे असे: साच्यात ओतलेल्या मिश्रधातूत थंड होताना लोहाच्या फांद्या आधीच तयार झालेल्या असतात. त्या घालवायला आर्गॉनमध्ये ११०० अंशांच्या वर वीसेक तास किंवा जास्त होमोजिनायझेशन (तापवत ठेवून घटक सगळीकडे एकसारखे करणे) लागते. ते झाले नसेल तर एचडीडीआर ते लोह नाहीसे करणार नाही. स्ट्रिप-कास्ट (वितळलेली मिश्रधातू थंड फिरत्या चाकावर ओतून केलेल्या) पत्र्यांत ही अडचण जवळपास नसते.

पावडर बाहेर काढताना

हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत स्फोटक असतो. भट्टी उघडण्याआधी व्हॅक्यूम आणि आर्गॉन यांची पाळी पुन्हा पुन्हा द्या आणि बाहेर जाणारा वायू छतावर नेऊन सोडा. पावडर खोलीच्या तापमानाला पूर्ण आल्याशिवाय हवा लावू नका. आर्गॉनमध्ये थोडी-थोडी हवा मिसळत तिला सवय लावा. अर्धवट जुळलेल्या पावडरमध्ये हायड्राइड उरलेले असते आणि ती हाताळतानाच पेट घेऊ शकते. पेटली तर पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड मारायचा नाही. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीची भुकटी जवळ तयार ठेवलेली हवी. यात सूट नाही.

भंगार चुंबकांपासून पावडर करत असाल तर

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि संबंधित चुंबकांच्या निर्यातीवर परवाने लावले. वाहनउद्योगात त्याची झळ बसल्यावर आपल्याकडेही अनेक जण जुन्या मोटरी आणि हार्ड डिस्कमधल्या चुंबकांकडे वळले. बर्मिंगहॅम विद्यापीठात रेक्स हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली हायड्रोजनने चुंबक फोडण्याची पद्धत यासाठी फार सोयीची आहे. खोलीच्या तापमानालाच चुंबक फुगून भुगा होतो आणि निकेलचा लेप पापुद्र्यासारखा सुटतो, तो चाळून वेगळा करता येतो.

पण या मालाला एचडीडीआर देताना वरची सगळी समस्या दुप्पट होते. प्रत्येक चुंबकात डिस्प्रोसियम आणि कोबाल्ट वेगवेगळे असते. कोबाल्ट २-१४-१ ला हायड्रोजनपुढे जास्त तग धरायला लावतो, म्हणजे तो फुटायला जास्त दाब किंवा वेळ मागतो. एकाच ट्रेमध्ये मिसळ माल घातला, तर काही कण फुटून जुळून मोकळे झालेले आणि काही मुळात फुटलेच नाहीत, असे होते, आणि यात थर्मोकपलही मदत करत नाही, कारण तो सरासरी दाखवतो. म्हणून भंगार आधी प्रकारवार वेगळे करा: हार्ड डिस्कचे वेगळे, मोटरीचे वेगळे, आणि मोटरीतही एका मॉडेलचे एकत्र. प्रत्येक ढिगाचा एक नमुना आयसीपीवर (मूलद्रव्यांचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) तपासून कोबाल्ट आणि डिस्प्रोसियम किती ते डब्यावर लिहा, आणि त्या डब्यासाठी आधी १०० ग्रॅमची चाचणी लावून मगच मोठी बॅच भरा.